खुर्ची मिळाली, पंगतीचं काय? : बिशप अझरया यांच्याविषयी

प्रश्न असा आला आहे : "एका चरित्रकोशासाठी बिशप व्ही. एस. अझरया यांच्यावर टिपण लिहितो आहे. जन्म १८७४, वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतली नोकरी, १९१२ साली पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, १९२० साली केंब्रिजची मानद पदवी, १९३९ साली डोर्नकलचं कॅथेड्रल, १९४५ साली मृत्यू. एवढं जमलं आहे. बिशपच्या कारकिर्दीत यापलीकडे काय पाहायचं असतं? आणि 'पहिले' असणं सोडलं तर यांचं मोठेपण कशात आहे?"

तुमच्या टिपणातल्या तारखा बरोबर आहेत. पण ते एखाद्या मामलेदाराच्या सर्व्हिस बुकासारखं वाचलं जातं : रुजू, बढती, सन्मान, निवृत्ती. मी अनेक वर्षं खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक, म्हणजे धर्मगुरू होतो आणि नंतर चर्चचा इतिहास शिकवला. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या बिशपांच्या चरित्रांत हीच चूक सर्वांत जास्त दिसायची. बिशपपद ही बढती आहे असं धरलं की माणूस हातातून निसटतो. तेव्हा आधी पदाचं बोलतो, मग माणसाचं.

अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेत, दीक्षितांच्या तीन पायऱ्या असतात : डीकन, प्रीस्ट आणि बिशप. उपासना चालवणं, बाप्तिस्मा देणं, प्रभुभोजनाचा विधी करणं (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत एका मेजाशी भाकर आणि प्याला वाटून घेणं) ही कामं प्रीस्ट करतो. दोन गोष्टी मात्र फक्त बिशपच्या हातून होतात. एक म्हणजे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याला चर्चचा पूर्ण सभासद म्हणून पक्कं करणं, आणि दुसरी नव्या डीकन-प्रीस्टना दीक्षा देणं. "हातून" हा शब्द इथे शब्दशः घ्या, कारण बिशप समोरच्याच्या डोक्यावर हात ठेवतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर अभिषेकाच्या दिवशी किमान तीन बिशपांनी हात ठेवलेले असतात, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी. ही हातांची साखळी थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत जाते अशी श्रद्धा आहे. ही साखळी लक्षात ठेवा. अझरया यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण पुढे तिच्यावरूनच झालं.

ब्रिटिश हिंदुस्थानात या साखळीला सरकारी कुलूप होतं. कलकत्त्याचं बिशपपद १८१४ चं, मद्रासचं १८३५ चं, मुंबईचं १८३७ चं. मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार. फोर्टातल्या ज्या सेंट थॉमस कॅथेड्रलवरून चर्चगेटला नाव पडलं, ते त्यांचं आसन. या बिशपांची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेच्या सनदेने व्हायची आणि पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघायचा. म्हणजे बिशप हा धर्मगुरूही आणि साहेबही. ब्रिटिश मुलखात अशा खुर्चीवर भारतीय माणूस बसवायचा, तर गोऱ्या प्रीस्टांनी त्याच्या हुकमाखाली राहायचं का, हा प्रश्न लगेच उभा राहत होता.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांना भारतीय बिशप हवा होता. त्यांना वाट सापडली ती निजामाच्या राज्यात. डोर्नकल हे निजामाच्या मुलखातलं, वारंगळच्या पुढचं रेल्वेचं जंक्शन. ही ब्रिटिश भूमी नव्हे, त्यामुळे सनदेचा पेच तिथे तितका आवळत नव्हता. मराठवाड्यातल्या वाचकांना निजामी राज्यातल्या असल्या पळवाटा नव्याने सांगायला नकोत. डोर्नकलला छोटासा धर्मप्रांत आखला गेला आणि २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये ३८ वर्षांच्या अझरया यांचा अभिषेक झाला. टिपणात "पहिले भारतीय बिशप" लिहाल तेव्हा हा मुलूखही लिहा. पहिला मान मिळाला तो साम्राज्याच्या कुंपणाबाहेर. गंमत अशी की पुढे दहा-बारा वर्षांत कृष्णेच्या खोऱ्यातला ब्रिटिश मुलूखही याच धर्मप्रांताला जोडावा लागला, कारण कामाचा पसारा तिथेच वाढत होता.

एवढ्या सावधगिरीमागे आणखी एक सावली होती. आफ्रिकेत नायजरच्या मुलखासाठी सॅम्युएल अजायी क्राउदर यांना १८६४ साली बिशप केलं होतं. ते लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, नंतर सुटका झालेले, मोठे भाषापंडित. त्यांच्या म्हातारपणी इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी त्यांच्या माणसांवर आरोपांची राळ उडवली, त्यांचे अधिकार काढून घेत नेले आणि १८९१ च्या शेवटच्या दिवशी ते वारले. त्यांच्या जागी गोरा बिशप आला. "एतद्देशीय बिशपचा प्रयोग फसला" हे वाक्य त्यानंतर कितीतरी वर्षं तयार ठेवलेलं होतं. अझरया यांच्या नावाला विरोध झाला तेव्हा ते बाहेर निघालंच. विरोध करणारे सगळे गोरेच होते असं मात्र समजू नका. दक्षिणेतल्या ख्रिस्ती लोकांतही जात जिवंत होती, आणि अझरया नाडार होते.

इथून माणसाकडे वळू.

वेदनायगम सॅम्युएल अझरया. जन्म १७ ऑगस्ट १८७४, तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या वेल्लालनविळै या खेड्यात. नाडार म्हणजे ताडाच्या झाडावर चढून रस काढणारी जमात. देवळात प्रवेश नाही, बायकांनी अंगभर कपडा घ्यायचा की नाही यावरूनसुद्धा दक्षिणेत दंगे झालेले. वडील थॉमस वेदनायगम १८३९ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे खेड्यातले प्रीस्ट. आई एलन. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मुलगा नव्हता, आणि आईने पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या हन्नासारखं देवाकडे मागून घेतला, म्हणून हन्नाच्या मुलाचंच नाव : सॅम्युएल, म्हणजे शमुवेल. अझरया हे नाव मराठी पवित्र शास्त्रात अजऱ्या असं येतं : दानीएलाच्या पुस्तकात बाबेलच्या दरबारात नेलेल्या चार यहुदी तरुणांपैकी एक, ज्यांनी राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. हे नाव पडलं तेव्हा कुणाच्या मनात हे होतं की नव्हतं, देव जाणे. पण ताट हा विषय या माणसाच्या आयुष्यभर पाठीशी राहिला.

वडील १८८९ साली गेले. मिशनच्या वसतिगृहांत राहून शिक्षण झालं, पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज. पदवी मात्र घेतली नाही. बी.ए.च्या उंबरठ्यावरून परतले. केंब्रिजच्या मानद पदवीच्या ओळीशेजारी ही ओळही टिपणात टाका. १८९५ पासून वाय.एम.सी.ए.चे प्रचारक म्हणून दक्षिणभर हिंडले. १८९८ साली अंबू मरियम्माळ यांच्याशी लग्न झालं. त्या काळात कॉलेजपर्यंत शिकलेली मुलगी, आणि हुंडा न घेता केलेलं लग्न. डोर्नकलच्या शाळांचं आणि पाळकांच्या बायकांच्या शिक्षणाचं काम पुढे त्यांनीच उभं केलं. चरित्रकोशात बिशपांच्या बायका "पत्नी : अमुक" एवढ्यावर आटोपतात. इथे तसं करू नका.

१९०२ साली अझरया सिलोनमधल्या जाफनाला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने दुसऱ्या मुलखात माणसं पाठवत होते. तिरुनेलवेलीत तर दोन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती होते, आणि तरी सगळं विलायतेच्या देणग्यांवर चाललेलं. ही गोष्ट त्यांना लागली. १९०३ साली तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी निघाली आणि १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय हे तिचं सूत्र. सालाकडे लक्ष द्या : वंगभंगाचं वर्ष, स्वदेशीचं वर्ष. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली त्याच हंगामात हे घडलं. अझरया काँग्रेसच्या वाटेला कधी गेले नाहीत, पण वारा तोच होता.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने काम करायला निवडलेला मुलूख डोर्नकलचा. दुसऱ्यांना पाठवायचं आणि आपण मद्रासला बसायचं हे अझरया यांना पटेना. १९०९ साली वाय.एम.सी.ए. सोडलं, दीक्षा घेतली आणि पस्तिशीत तेलुगू शिकायला बसले. तमिळ माणसाला तेलुगू म्हणजे आपल्याला गुजराती असं कुणी समजू नये. लिपी वेगळी, बोलण्याचा घाट वेगळा. आणि आता हिशेब बघा : चौदा वर्षं साधा प्रचारक, आणि नंतर साडेतीन वर्षांत डीकन, प्रीस्ट आणि बिशप. नेहमीच्या अँग्लिकन कारकिर्दीत हा क्रम उलटा असतो. वीस-पंचवीस वर्षं प्रीस्ट, मग आर्चडीकन, मग कुठे नाव पुढे येतं.

या साडेतीन वर्षांतच एडिंबरो आहे, आणि तुमच्या टिपणात ते नाही. १९१० च्या जूनमध्ये तिथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, आणि त्यांत आशियातले विसाच्या आत. अझरया यांना परदेशी आणि देशी कामकऱ्यांच्या सहकार्यावर बोलायला सांगितलं होतं. यजमानांचे आभार मानून, दोन गोड गोष्टी सांगून खाली बसता आलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं की मिशनरी आणि भारतीय कामकरी यांच्यातलं नातं मालक-नोकराचं होऊन बसलं आहे आणि दोघांत मैत्री नाही. परतभेटी, हस्तांदोलन, बसायला खुर्ची, जेवण, चहा ही यादी त्यांनी स्वतः केली आणि म्हणाले, नुसत्या या गोष्टी मी मागत नाही. पण त्या मैत्रीच्या खुणा असतील, तर त्या सगळ्या हव्यात आणि त्याहून जास्त हवं. शेवट असा : तुम्ही गरिबांना अन्नासाठी आपली मालमत्ता दिली आहे, जाळण्यासाठी आपली शरीरं दिली आहेत, आम्हाला प्रीतीही हवी आहे, आम्हाला मित्र द्या. करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा तेरावा अध्याय सभागृहात प्रत्येकाला तोंडपाठ होता. प्रीती नसेल तर सगळं दान फुकट, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. ते ऐकणाऱ्यांनी मनात पुरं केलं. सभेत खळबळ माजली.

खुर्ची आणि चहा या शब्दांवर इंग्रजी चरित्रकार फार थांबत नाहीत. मराठी वाचकाला मात्र त्यांचं वजन सांगावं लागत नाही. पंगतीला कोण कुठे बसतं, कप कुणाचा वेगळा ठेवला आहे, ओसरीवरून आत कुणाला बोलावतात, हे आपण शब्दाविना वाचतो. अझरया एडिंबरोत बोलत होते ते पंगतीबद्दल. अडीच वर्षांनी त्यांना खुर्ची दिली गेली. पंगतीचं काय झालं, ते माझ्या मते त्यांच्या पुढच्या ३२ वर्षांचं खरं चरित्र.

आता डोर्नकल. तेलुगू मुलखात माला आणि मादिगा या दोन अस्पृश्य ठरवलेल्या जाती, आणि गावंच्या गावं एकदम ख्रिस्ती होण्याची लाट एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. एकदम म्हणजे वस्तीतली सगळी कुटुंबं मिळून ठरवत. गावापासून एकटं तुटून जगणं शक्यच नव्हतं. अशा लोकांचा बिशप म्हणजे वर्षातले कित्येक महिने बैलगाडी, तंबू, आणि संध्याकाळी शेतातून माणसं परतल्यावर कंदिलाच्या उजेडात उपासना. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाने, मग त्याला अक्षर येवो न येवो, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं : माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा! प्रेषित पौलाचं वाक्य, खेडुताच्या तोंडी. मघाची हातांची साखळी आठवा. बिशपच्या हातापर्यंत थांबणारी ती खूण त्यांनी शेतमजुराच्या स्वतःच्या हातात दिली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मलाही कळतं. पण ते दृश्य डोळ्यांसमोर आणा.

पैशाच्या बाबतीतही तेच. गरिबांनी द्यायचं नसतं, घ्यायचं असतं, ही मिशनच्या आवारातली जुनी सवय. अझरया यांनी ती मोडायला घेतली. रोज भात रांधताना बाईने मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायचा, सुगीच्या सणाला धान्य, कोंबडी, शेळी जे असेल ते वाजतगाजत आणायचं. मी नगर जिल्ह्यात पाळक होतो तेव्हा सुगीच्या उपासनेत वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा असायचाच, आणि प्रवचनाच्या मध्येच तो आरवायचा. त्यामुळे डोर्नकलच्या सुगीच्या मिरवणुकांबद्दल वाचताना मला काही परकं वाटलं नाही. वाटतं तितकं हे गोड प्रकरण मात्र नाही. ज्याच्या घरात उद्याचा भात नाही त्याच्याकडून मूठ मागायला छाती लागते. मागणारा स्वतः त्याच अंगणात बसून जेवणारा असेल, तरच ते मागणं शोभतं.

घाण, रोगराई, कर्ज आणि दारू या चार भुतांशी त्यांची लढाई होती, असं ते म्हणत. खेड्यातले शिक्षक निवडून, इंग्रजीचा आग्रह न धरता, तेलुगूतून शिकवून त्यांनी दीक्षा दिल्या. त्यांच्या धर्मप्रांतात भारतीय प्रीस्टांची संख्या सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतकी होती. १९२४ पर्यंत ती पन्नाशीच्या पुढे गेली आणि इंग्रज उरले आठ. लोक त्यांना तंड्रीगारू म्हणत, म्हणजे आपल्याकडचं बाबासाहेब किंवा वडील. अँग्लिकन रिवाजात बिशपला "माय लॉर्ड" म्हणतात. खेड्याने आपला शब्द शोधला.

त्यांची दुसरी बाजूही लिहा, नाहीतर संताची आरती होईल. शिस्तीला ते फार कडक होते. निर्णय हाताखाली वाटून देण्यापेक्षा स्वतः घेण्याकडे कल जास्त. बाप म्हणवून घेणाऱ्या माणसात जे दोष येतात ते होते. विलायती झगे आणि इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा साचा त्यांनी टाकला नाही. ख्रिस्ती धर्माला भगवं वस्त्र, आश्रम, भजन हवं असं म्हणणाऱ्यांची त्या काळात एक फळी होती. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंगांतून ती वाट धरली होती. अझरया यांच्या बाबतीत मला एक गोष्ट हळूहळू उमगली : टिळक ब्राह्मण घरातून आले होते, देशी परंपरेत त्यांना आपलं घर दिसत होतं. माला-मादिगांना त्या परंपरेने दाराबाहेर ठेवलं होतं, आणि त्यांना कदाचित झगा घातलेला आपला माणूसच हवा होता. हा माझा तर्क आहे, तुमच्या कोशात घालू नका. डोर्नकलचं कॅथेड्रल मात्र पाहून या. १९३९ च्या ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला त्याचं समर्पण झालं, पुरं व्हायला पंचवीसेक वर्षं लागली. घुमट मशिदीची आठवण करून देतात, खांब देवळाच्या मंडपाची. झग्याच्या बाबतीत हट्टी असलेल्या माणसाने इमारत अशी बांधली.

गांधीजींशी त्यांचं जमलं नाही. १९३६-३७ मध्ये 'हरिजन'च्या अंकांतून गांधीजींनी तेलुगू मुलखातल्या सामुदायिक धर्मांतरांवर सतत टीका केली : अडाणी, उपाशी माणसांना धर्म कसला कळतो, हे आमिषाचं काम आहे. अझरया यांचं म्हणणं, तुम्ही ज्यांना अडाणी म्हणता ते विचार करून निर्णय घेतात, आणि ते कसे बदलले हे पाहून शेजारच्या वरच्या जातींतले लोकही येत आहेत. दोघेही एकाच माणसाच्या वतीने बोलत होते आणि दोघांनाही आपणच त्याला जास्त ओळखतो असं वाटत होतं. या वादात मला अझरया यांची बाजू अधिक पटते. अस्पृश्याला स्वतःचं डोकं आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्याच वेळी ते राजकीय सौदेबाजीच्याही विरोधात होते. १९३२ च्या जातीय निवाड्यात ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ देऊ केले तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. चर्च म्हणजे शिरगणतीवर जगणारा एक गट झाला की संपलं, असं त्यांचं मत.

आणि मग १३ ऑक्टोबर १९३५, येवला. बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सगळ्या धर्मांचे पुढारी जागे झाले, ख्रिस्तीही. प्रश्न असा होता की या बोलावणाऱ्यांच्या घरात पंगत एक होती का? बाबासाहेबांनी आपल्या लेखनात परखडपणे दाखवलं आहे की ख्रिस्ती झाल्यावरही जात मरत नाही, दक्षिणेतल्या चर्चांत बसायच्या जागासुद्धा वेगळ्या असतात. अझरया यांना हे बाहेरून कळायची गरज नव्हती. माला आणि मादिगा एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायला कचरत होते, एकमेकांच्या पाळकाला नाकारत होते, आणि ते मोडायला त्यांनी आयुष्य घालवलं होतं. पूर्ण मोडलं का? नाही. तेलुगू चर्चमध्ये आजही कुणाला विचारा.

पंगत मोडलेली होती ती आणखी एका कारणाने. नगर जिल्हाच घ्या. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी एका गावात, एस.पी.जी. या इंग्लंडच्या मिशनची अँग्लिकन मंडळी शेजारच्या गावात. दोघांचा येशू तोच, पवित्र शास्त्र तेच, सोयरिकी एकमेकांत. पण प्रभुभोजनाच्या मेजाशी अडचण. कारण अमेरिकन मिशनच्या पाळकाच्या डोक्यावर बिशपचा हात पडलेला नाही, साखळी जुळत नाही. बोस्टन आणि लंडनची तीनशे वर्षांपूर्वीची भांडणं शेवगाव-नेवाशाच्या महारवाड्यात आणून ठेवली होती. १९२७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत अझरया म्हणाले की चर्चमधली फाटाफूट ख्रिस्ती देशांत दुबळेपणाचं कारण असेल, आमच्याकडे ती पाप आहे आणि लाजिरवाणी आहे. बिशपने भर सभेत "पाप" हा शब्द वापरणं ही साधी गोष्ट नव्हे.

याची सुरुवात त्यांनी १९१९ सालीच केली होती. मे महिन्यात तरंगमबाडीला, म्हणजे जुन्या डॅनिश त्रांकेबारला, तेहेतीसेक पाळक जमले, दोघे-तिघे सोडून सगळे भारतीय. तिथून निघालेल्या पत्रकावर अँग्लिकन आणि बिशप न मानणाऱ्या मंडळ्यांतल्या लोकांच्या एकत्र सह्या आहेत : आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टी आपण केलेल्या नाहीत, त्या बाहेरून लादलेल्या आहेत. मग पंचवीस वर्षं समित्या. यात मुंबईचा एक धागा आहे तो तुमच्या मराठी वाचकांसाठी जरूर घ्या. १९०८ ते १९२९ या काळात मुंबईचे बिशप असलेले एडविन जेम्स पामर हे या वाटाघाटींतले मोठे आधार होते. ऑक्सफर्डचे पंडित, अँग्लिकन परंपरेचे जाणकार, आणि तरीही बिगर-बिशप मंडळ्यांना कमी न लेखणारे. शेवटी तोडगा निघाला तो असा : आज जे पाळक आहेत ते सगळे जसेच्या तसे मान्य, कुणाला पुन्हा दीक्षा घ्यायला लावायची नाही. इथून पुढे मात्र प्रत्येक दीक्षा बिशपच्या हातून. तीस वर्षांत जुनी पिढी संपेल आणि साखळी आपोआप सगळ्यांची होईल. हा व्यवहारी तोडगा आहे, घरातली वाटणी मिटवताना वडीलधारे काढतात तसला. इंग्लंडमधल्या कर्मठ अँग्लिकनांनी त्यावर आकाशपाताळ एक केलं. त्यांच्या लेखी ही साखळी तोडण्याची सुरुवात होती.

अझरया यांना निकाल पाहायला मिळाला नाही. नाताळची धावपळ उरकून अल्पशा आजाराने १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकलला त्यांचा अंत झाला. त्याच जानेवारीत अँग्लिकन चर्चच्या सर्वसाधारण सभेने एकीकरणाच्या बाजूने कौल दिला. दक्षिण भारत चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये जन्मलं, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी. आपल्याकडे वेळ लागला. उत्तर भारत चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झालं, आणि तेव्हा कुठे नगरच्या त्या दोन मंडळ्यांची नोंद एका वहीत आली. माझे वडील त्या काळी मंडळीचे पंच होते. मेज एक झालं त्या रविवारी ते म्हणाले, "दोन्ही गावच्या सोयऱ्यांनी आज पहिल्यांदा देवळात एकत्र जेवण केलं."

आता तुमच्या "पहिले" या शब्दाबद्दल. १९१२ ते १९४५ या ३२ वर्षांत भारतातल्या एकाही दुसऱ्या अँग्लिकन धर्मप्रांताची सूत्रं भारतीय माणसाच्या हाती दिली गेली नाहीत. मदतनीस बिशप म्हणून एक-दोघे नेमले गेले, पण स्वतःचा धर्मप्रांत असलेले एकटे अझरयाच. म्हणजे ते मरेपर्यंत पहिलेही होते आणि एकुलते एकही. कोशात "पहिले भारतीय बिशप" एवढंच लिहिलं तर तो चर्चचा गौरव वाटतो. "३२ वर्षं एकटेच" हे शब्द पुढे जोडले की त्याच वाक्यात चर्चचा जमाखर्चही येतो. १९३० पासून हिंदुस्थानचं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या कायद्यातून मोकळं झालं होतं. सनदेची सबब तेव्हाच संपली होती.

तेव्हा टिपणात बदल असे करा. केंब्रिजची ओळ राहू द्या, पण अपुऱ्या बी.ए.च्या शेजारी. एडिंबरो १९१० आणि त्रांकेबार १९१९ घाला. यांच्याशिवाय कारकीर्द उभीच राहत नाही. अंबू यांच्या कामाला स्वतंत्र वाक्य द्या. डोर्नकलपुढे "निजामाच्या राज्यातलं" असं लिहा, आज ते तेलंगणात महबूबाबाद जिल्ह्यात आहे. शब्दसंख्या अडली तर परदेशातल्या परिषदांची यादी कापा, तांदळाची मूठ कापू नका. आणि तिकडे गेलात तर विजयवाड्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या डोर्नकल जंक्शनला थांबतात. कॅथेड्रलच्या आवारातच त्यांची कबर आहे. सकाळी लवकर पोहोचा, ऊन फार असतं.